हाडे कोणी मांडली? छायाचित्रातील रचना आणि फेरफार यांचा इतिहास

१/
लखनौच्या सिकंदर बागेचे एक छायाचित्र १८५७ विषयीच्या असंख्य पुस्तकांत छापले गेले आहे. मागे तोफांच्या माऱ्याने विदीर्ण झालेली इमारत, तिच्यापुढे स्तब्ध असलेली काही माणसे, एक घोडा. आणि अगदी पुढे, अंगणभर पसरलेल्या कवट्या व हाडे. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सर कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने या बागेत सुमारे २,००० बंडखोर शिपाई कापून काढले. हे छायाचित्र त्या कत्तलीचे, असे आपण वाचत आलो आहोत. #थ्रेड

२/
छायाचित्रकाराचे नाव फेलिचे बिआतो. परंतु कत्तल झाली त्या दिवशी बिआतो भारतात नव्हताच. तो १८५८ च्या आरंभी कलकत्त्यास उतरला आणि मार्चमध्ये इंग्रजांनी लखनौ पुन्हा जिंकून घेतल्यावर तेथे पोहोचला. कत्तल आणि छायाचित्र यांच्यामध्ये चार महिन्यांहून अधिक काळ गेला होता. मग ती हाडे उघड्या अंगणात, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, इतक्या ठळकपणे कशी काय उरली?

३/
या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : छायाचित्र ‘घडते’ की ‘घडवले जाते’? आज एखादे जुने छायाचित्र समोर आले की आपण चटकन विचारतो, ‘हे एडिट केलेले आहे का?’ या धाग्यात मांडायचे आहे ते इतकेच की, हा प्रश्न अपुरा आहे. रचना आणि फेरफार ही संगणकयुगाची देणगी नाही. छायाचित्रणाच्या पहिल्या दोन दशकांतच दोन्ही पूर्ण विकसित झाली होती. आधी ती का विकसित झाली ते पाहू.

४/
पहिले कारण रसायनाचे. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन, तो ओला असतानाच छायाचित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावेही लागे. हा थर निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील, तांबड्या-हिरव्याला मंद. परिणाम असा की, जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरेफटक होई. ढग नाहीसे होत. एकोणिसाव्या शतकातील अनेक छायाचित्रांत आकाश कोऱ्या कागदासारखे दिसते, त्याचे कारण हे. त्या दिवशी आभाळ निरभ्र होते असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

५/
फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्रासाठी एक निगेटिव्ह, आकाशासाठी दुसरे. दोन्ही क्षितिजरेषेवर जुळवून एकच प्रिंट. त्याच्या सागरचित्रांनी पॅरिस-लंडनचे रसिक थक्क झाले. मौज अशी की, त्याच्या निरनिराळ्या सागरचित्रांत एकच आकाश पुन्हा आढळते! म्हणजे तो ढग त्या लाटेवर कधी नव्हताच. तरीही समुद्रकिनारी उभ्या राहिलेल्या माणसाला ढग आणि लाट दोन्ही एकाच वेळी दिसतात. यंत्राला न साधणारी गोष्ट ल ग्रेने फेरफार करून साधली. त्याचे चित्र दृष्टीच्या अनुभवाशी प्रामाणिक होते. त्या विशिष्ट क्षणाशी मात्र नव्हते.

६/
दुसरे कारण प्रतिष्ठेचे. छायाचित्रण ही कला की निव्वळ यांत्रिक नक्कल, हा वाद तेव्हा जोरात होता. ऑस्कर रेलांडर याने १८५७ साली मँचेस्टरच्या भव्य कलाप्रदर्शनात ‘जीवनाचे दोन मार्ग’ हे चित्र मांडले. एका बाजूला सदाचार, दुसऱ्या बाजूला विलास, मध्ये दोन तरुण. यासाठी त्याने ३० हून अधिक निगेटिव्ह घेतले आणि ते एकेक करून एकाच चित्रात छापले. जुन्या भित्तिचित्रांसारखी ही रचना होती. राणी व्हिक्टोरियाने तिची एक प्रत १० गिनींना विकत घेतली.

७/
पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्ह जोडून मृत्युशय्येवरील एका तरुणीचे चित्र तयार केले. भोवती शोकाकुल कुटुंब, खिडकीशी पाठमोरा उभा पुरुष. टीका झाली ती अशी की, इतके खासगी दुःख कॅमेऱ्याने दाखवू नये. वास्तविक ती तरुणी मरणोन्मुख नव्हती. सारा प्रसंग रचलेला होता. एखाद्या चित्रकाराने हाच विषय रंगात रंगवला असता तर कोणी आक्षेप घेतला नसता. छायाचित्र पाहताना प्रेक्षकाच्या मनात एक गृहीत असते : ‘हे खरोखर घडले.’ हे गृहीतच छायाचित्राचे खरे भांडवल आहे, हे या वादाने प्रथम स्पष्ट केले.

८/
हे भांडवल युद्धभूमीवर वापरले जाऊ लागले तेव्हा प्रश्न गंभीर झाला. क्रिमियाच्या युद्धात १८५५ साली रॉजर फेंटन याने सेवास्तोपोलजवळच्या एका ओसाड दरीची छायाचित्रे घेतली. एका चित्रात तोफगोळे रस्त्याकडेच्या चरात आहेत आणि रस्ता मोकळा आहे. दुसऱ्यात तेच दृश्य, तीच जागा. पण गोळे रस्त्यावर विखुरलेले. प्रसिद्ध झाले ते दुसरे. माणूस एकही नाही, तरी मृत्यूची छाया चित्रभर जाणवते.

९/
यांतले आधीचे कोणते? दीड शतक या प्रश्नावर तर्कवितर्क झाले. अमेरिकी चित्रपटकार एरल मॉरिस याने २००७ साली या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. उत्तर मिळाले ते गोळ्यांत नव्हे, दगडांत. दोन्ही चित्रांतील उतारावरचे लहान दगड ताडून पाहिले तेव्हा एका चित्रात ते किंचित खाली घसरलेले दिसले. माणसे चालली की दगड खालीच घसरणार, वर चढणार नाहीत. म्हणजे मोकळा रस्ता आधी, गोळ्यांचा रस्ता नंतर. फेंटनने काचेवर एक ओरखडाही काढला नव्हता. फेरफार झाला होता तो जमिनीवरच.

१०/
फेंटनच्या उदाहरणातून ध्यानात घेण्याची बाब ही की, ‘एडिट’ नसलेले चित्रही रचलेले असू शकते. निगेटिव्ह तपासून अशी रचना सापडत नाही. त्यासाठी भूगोल, तारखा, समकालीन लेखन आणि चित्रातील क्षुल्लक वाटणारे तपशील एकत्र ठेवून वाचावे लागते. इतिहासकार ताम्रपट किंवा बखर जशी तपासतो, तसेच छायाचित्रही तपासावे लागते. हीच कसोटी आता आपल्या मुंबईतील एका ग्रंथाला लावून पाहू.

११/
मुंबईत छायाचित्रण फार लवकर रुजले. १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. युरोपात ज्या वर्षांत ल ग्रे आणि रेलांडर प्रयोग करीत होते, त्याच वर्षांत एतद्देशीय तरुणही कॅमेऱ्यामागे उभे होते.

१२/
याच सोसायटीच्या वर्तुळातील विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचा द्विखंडी ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध केला. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. प्रत्येक चित्रात एखाद्या समाजाची माणसे त्यांच्या ‘स्वाभाविक’ परिसरात उभी दिसतात. पण नीट पाहा : माणसांच्या कडा कातरल्यासारख्या, अंगावरचा प्रकाश एका दिशेचा आणि मागच्या इमारतीवरचा दुसऱ्या दिशेचा, प्रमाणही कोठे कोठे विसंगत. यांतल्या अनेक माणसांची छायाचित्रे स्टुडिओत आधीच घेतलेली होती. मागची दृश्ये वेगळी घेऊन दोन्ही नंतर जोडली गेली.

१३/
तंत्र जवळपास रेलांडरचेच. परंतु हेतू पूर्ण वेगळा. रेलांडरचे चित्र पाहणाऱ्याला ते रूपक आहे हे ठाऊक होते. जॉन्सनच्या ग्रंथाचा वाचक मात्र ‘मुंबईचे लोक असे असतात’ ही माहिती घेण्यासाठी ते पान उघडत होता. माणूस त्याच्या गल्लीतून उचलून स्टुडिओत आणायचा, तेथून कापून दुसऱ्याच जागी ठेवायचा आणि खाली जातीचे नाव लिहायचे. त्या माणसाचे स्वतःचे नाव बहुधा नाहीच. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पातही हीच वर्गीकरणाची दृष्टी दिसते.

१४/
याचा अर्थ जॉन्सनची चित्रे निरुपयोगी ठरतात असा नाही. त्यांतील पागोट्यांचे बांध, लुगड्यांचे काठ, दागिने, हत्यारे हे सारे खरे आहे आणि वेशभूषेच्या अभ्यासकाला अमोल आहे. पण माणूस आणि जागा यांचा संबंध त्या चित्रावरून सिद्ध होत नाही. एकाच छायाचित्रातील एक भाग पुरावा ठरतो, दुसरा ठरत नाही. असा निवाडा भागाभागाने करावा लागतो. संपूर्ण चित्र ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असा शिक्का मारून चालत नाही.

१५/
आता पुन्हा सिकंदर बागेकडे. त्या काळी लखनौत अधिकारपदावर असलेले सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, तेथील प्रेते झाकून टाकलेली होती. परंतु छायाचित्रकाराने आग्रह धरून, त्यांची अखेरची विल्हेवाट लागण्यापूर्वी ती पुन्हा उघडी करायला लावली. म्हणजे अंगणातील हाडे काळाने तेथे ठेवली नव्हती. ती कॅमेऱ्यासाठी उघडी केलेली होती. त्या अंगणातील मृत्यू निःसंशय खरा होता. त्याचे प्रदर्शन मात्र मांडलेले होते.

१६/
बिआतोची ही वृत्ती अपवादात्मक नव्हती. १८६० साली चीनमध्ये ताकूचे किल्ले पडल्यावर तो प्रेतांमध्ये उत्साहाने हिंडत होता आणि आपले चित्र घेऊन होईपर्यंत मृतांचा एक समूह हलवू नये असे विनवत होता, अशी नोंद तेथे उपस्थित असलेल्या डॉ. रेनी या लष्करी डॉक्टराने केली आहे. या मृतांमध्ये चिनी सैनिक आहेत, हिंदी शिपाई आहेत. विजेत्या फौजेच्या मृतांची अशी आरास बिआतोने केलेली दिसत नाही. कोणाचे प्रेत चौकटीत घ्यावे आणि कोणाचे सन्मानाने पुरावे, हा निर्णयही छायाचित्राच्या रचनेचाच भाग आहे.

१७/
हाच प्रश्न दुष्काळाच्या चित्रांत अधिक तीव्र होतो. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या स्त्री-पुरुषांना ओळीने बसवून छायाचित्रे घेतली. एखाद्या कुटुंबाच्या स्टुडिओ-चित्रासारखी ती बसणी आहे. याच हूपरवर १८८६ मध्ये मंडालेत आरोप झाला की, बंदुका रोखलेल्या असताना नेमका क्षण टिपण्यासाठी त्याने कैद्यांच्या देहदंडाचा हुकूम लांबवला. पार्लमेंटात ओरड झाली, चौकशीही झाली.

१८/
तो दुष्काळ दख्खनवरही कोसळला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हा गावोगावची स्थिती शब्दांत नोंदवून सरकारपुढे मांडली. हूपरची छायाचित्रे मात्र आज समाजमाध्यमांवर भलत्याच ओळींसह फिरताना दिसतात. कधी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची म्हणून, कधी आणखी कशाची म्हणून. चित्राला कोणी हातही लावलेला नसतो, बदलते ती फक्त चित्राखालची ओळ. सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपा आणि सर्वांत प्रभावी फेरफार तोच! मद्रासच्या त्या माणसांकडून त्यांचे गाव आणि त्यांचा काळही आपण काढून घेतो.

१९/
प्रत्येक रचना आणि प्रत्येक फेरफार निंद्य असतो काय? डोरोथिया लँगचे १९३६ मधील ‘स्थलांतरित माता’ हे चित्र पाहा. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या छावणीत तिने एका कुटुंबाची एकामागून एक छायाचित्रे घेतली, क्रमाने जवळ जात. आधीच्या चित्रांत तंबू, सामान, थोरली मुलगी दिसते. अखेरच्या चित्रात केवळ आई, खांद्यांवर टेकलेली दोन पाठमोरी मुले आणि कुशीत तान्हे. ही जवळीक म्हणजेच रचना. पुढे कोपऱ्यात दिसणारा, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठाही निगेटिव्हवर पुसट करण्यात आला.

२०/
तो अंगठा पुसल्याने इतिहास बदलला नाही. या भेटीतील चित्रे वृत्तपत्रात आल्यावर छावणीला अन्नाची मदत मिळाली. पण तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते. लँगने त्या बाईचे नावही विचारले नव्हते. अनेक दशकांनी ती बाई पुढे आली आणि या चित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही, अशी तिची तक्रार होती. टीका करायचीच तर अंगठ्याची करण्यात अर्थ नाही. विचार करावा तो त्या न विचारलेल्या नावाचा.

२१/
अँसेल अ‍ॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतील एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे चित्र घेतले. पुढे अनेक वर्षे तो एकाच निगेटिव्हवरून प्रिंट काढत राहिला आणि आकाश उत्तरोत्तर काळेभोर करत गेला. डार्करूममध्ये चित्राचा एखादा भाग झाकून उजळ ठेवणे, दुसऱ्याला जास्त प्रकाश देऊन गडद करणे हे त्याचे कौशल्य. तो मूळचा पियानोवादक. एकच बंदिश गायक दरवेळी नव्याने मांडतो, तसे हे. येथे कोणाची फसवणूक नाही, कारण आकाशाच्या काळेपणाची मोजदाद देण्याचे वचन त्याने कोणाला दिलेच नव्हते.

२२/
याच्या दुसऱ्या टोकाला सोव्हिएत रशिया. १९३७ मध्ये मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी निकोलाय येझोव्ह चालताना दिसतो. हा गुप्त पोलिसांचा प्रमुख. हजारोंना त्याने मृत्यूच्या दारी धाडले होते. १९४० मध्ये त्यालाच गोळी घालण्यात आली आणि छायाचित्रातूनही तो नाहीसा झाला. त्याच्या जागी कालव्याचे पाणी भरले गेले. डार्करूममधील हात तितकाच कुशल, जितका अ‍ॅडम्सचा. पण येथे वचन होते ‘हा इतिहास आहे’ असे, आणि ते जाणूनबुजून मोडले गेले.

२३/
म्हणून जुने छायाचित्र हाती आले की पाच प्रश्न क्रमाने विचारावेत. छायाचित्रकार तेथे केव्हा पोहोचला? चौकटीबाहेर काय राहिले? चौकटीतील वस्तू आणि माणसे कोणाच्या सांगण्यावरून तशी आहेत? निगेटिव्ह ते प्रिंट या प्रवासात काय बदलले? आणि खालची ओळ कोणी, केव्हा लिहिली? यांपैकी फक्त चौथा प्रश्न ‘एडिटिंग’चा आहे. उरलेले चार आपण बहुधा विचारतच नाही. आणि फेंटन, बिआतो, हूपर यांची चित्रे आपल्याला चकवतात ती नेमकी तेथेच.

२४/
मग सिकंदर बागेच्या चित्राचे काय करायचे? ते बाजूला सारणे सोपे आहे, पण तसे करणे अन्यायाचे होईल. त्या शिपायांची नावे बहुतांशी हरवली आहेत. त्यांच्या अखेरीचा एवढा एक दृश्य माग उरला आहे. तो जपावा, पण त्यावर दोन तारखा लिहाव्यात. नोव्हेंबर १८५७ : या बागेत सुमारे २,००० माणसे मारली गेली. १८५८ : त्यांची हाडे विजेत्यांच्या पाहण्यासाठी पुन्हा उघडी केली गेली. चित्र या दोन्ही घटनांचा पुरावा आहे. आजवर आपण त्यातली एकच वाचत आलो.

२५/
पुढच्या वेळी हे चित्र कोठे दिसले आणि खाली केवळ ‘१८५७’ लिहिलेले असले, तर दुसरी तारीखही जरूर जोडा. मृतांसाठी आज आपल्या हातून होण्यासारखे एवढे तरी आहे. (समाप्त)